टोमॅटोचं डाएट

तुमच्या ऑफिसातही असा एक जण असणारच. लंच टाइमला डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडून बाल्कनीतल्या टोमॅटोचे फोटो दाखवणारा. फोटोत कुंडी रंगवलेली, पानं हिरवीगार, खोड अंगठ्याएवढं जाड. टोमॅटो मात्र एकही नाही. ‘अजून यायचेत,’ असं तो गेले तीन महिने सांगतोय. आपण मान डोलवायची आणि कोशिंबिरीतला बाजारचा टोमॅटो मुकाट्याने खायचा.

हे खूळ तसं जुनंच, पण २०२३ च्या जुलैनंतर जरा जास्त पसरलं. आठवतंय ना? किलोला दीडशे, काही ठिकाणी दोनशे. बर्गरवाल्यांनी काही राज्यांत बर्गरमधून टोमॅटोची चकतीच काढून टाकली होती. केंद्र सरकारने महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रच्या बाजारातून माल उचलून दिल्लीत ९० रुपये किलोने विकायला काढला. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याच्या जेमतेम दोन महिने आधी भाव इतका कोसळला होता की आपल्याकडचे शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. ही भानगड कळायला अर्थशास्त्र लागतं. बाल्कनीत कुंडी ठेवायला फक्त संताप पुरतो. त्यामुळे त्या महिन्यात माझ्या ओळखीतल्या चार जणांनी ऑनलाइन बिया मागवल्या.

बिया उगवतात. त्यात काही ग्रेट नाही. वाणही चिक्कार आहेत. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक, राहुरी कृषी विद्यापीठाचा धनश्री. कुंडीसाठी मात्र माझं मत चेरी टोमॅटोला. सहा तास ऊन आणि १५-२० लिटरची कुंडी एवढंही बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती खताशी. कुठलं, किती, कधी? इथे प्रत्येकाकडे एक आत्या असते आणि प्रत्येक आत्याकडे एक फॉर्म्युला.

तर आधी बेसिक फंडा क्लिअर करू या. खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात. नत्र, स्फुरद, पालाश, याच क्रमाने. चेंबूरच्या आरसीएफची ‘सुफला’ १५:१५:१५, म्हणजे तिन्ही सारखे. डीएपी १८:४६:०, म्हणजे स्फुरद ढीगभर आणि पालाश शून्य. युरिया म्हणजे नुसतं नत्र, तेही ४६ टक्के. ढोबळमानाने सांगायचं तर नत्रावर पानं-फांद्या वाढतात, स्फुरदावर मुळं धरतात आणि फुलांची तयारी होते, पालाशावर फळ भरतं, रंगतं, चवीला येतं. फळ धरायला लागलं की टोमॅटो नत्रापेक्षा पालाश जास्त ओढतो. आणि आपण त्याला काय देतो? शेणखत, त्यावर चहाचा चोथा, त्यावर कुणी तरी सांगितलेला चिमूटभर युरिया. सगळी नत्राची पंगत.

नत्र भरपूर मिळालं की झाडाला फळाची घाईच उरत नाही. महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतोय, तोवर कोण नोकरी बदलतं? झाड पानं काढत बसतं. ऑफिसातल्या त्या फोटोमध्ये असतं ते हेच.

आमच्या भिवंडीत याचं सगळ्यात सॉलिड उदाहरण पद्मानगरच्या एका गच्चीवर होतं. ज्यांना भिवंडी म्हणजे फक्त अंजुरफाट्याचं ट्रॅफिक माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. पद्मानगर हा आमचा तेलुगू इलाका. तेलंगणातून आलेली विणकर पद्मशाली मंडळी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मराठी-हिंदी-तेलुगू एकाच वाक्यात बोलतात. तिथे माझ्या मैत्रिणीच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक अण्णा राहतात. तीस वर्षं सायझिंगमध्ये काढलेले. सायझिंग म्हणजे लूमवर चढवण्याआधी उभ्या सुताला खळ लावायची. ती पातळ झाली तर सूत लूमवर तटातट तुटतं, जाड झाली तर कडक होऊन मोडतं. बॉयलरच्या वाफेत उभं राहून ती खळ बरोबर जमवणं हे अण्णांचं काम. मग ते सायझिंग बंद पडलं, त्या जागेवर गोडाऊन आलं. आता अण्णांचा मुलगा मानकोलीच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये हातात स्कॅनर घेऊन रात्रपाळी करतो. आणि अण्णा गच्चीवर.

रंगाच्या २० लिटरच्या बावीस बादल्या, धुऊन, बुडाला भोकं पाडून, ओळीत मांडलेल्या. गेल्या ऑक्टोबरच्या मध्यावर लावलेली रोपं डिसेंबरात माझ्या खांद्याला लागत होती. त्यांच्यात शिरल्यावर तो वास... टोमॅटोच्या पानांचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना कळेल. फळ म्हणाल तर बावीस झाडांत तीन. मोजून.

‘‘बेटा, झाड तर एक नंबर आहे ना? मग फल का नाही धरत?’’ अण्णांनी विचारलं. त्यांना टेन्शन निव्वळ टोमॅटोचं नव्हतं. गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये ओल आली होती आणि जानेवारीअखेरच्या मीटिंगमध्ये बादल्यांचा विषय निघणार होता. कमिटीचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ओल्या मातीने भरलेली अशी एक बादली २५-३० किलोला जाते. बावीसचा हिशेब तुम्हीच करा. पण मीटिंगमध्ये अण्णांनी दाखवायचं काय, पानं?

माझी डिग्री मास कम्युनिकेशनची. त्यात एकच गोष्ट नीट शिकवतात, आपल्याला उत्तर माहीत नसेल तर माहीत असणाऱ्याला गाठायचं. कॉलेजातली एक मैत्रीण पुढे कृषी पदवीधराशी लग्न करून मोकळी झाली, तिच्या नवऱ्याला मी फोन लावला. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘काय काय घालताय?’’ मी अण्णांकडे फोन दिला. तबेल्यातलं शेण, अर्धवट कुजलेलं, दर पंधरवड्याला ओंजळभर. शिवाय गावाकडून येताना मुलाने आणलेला युरिया, दर रविवारी चमचाभर. ‘‘झाडाला ताकद पाहिजे ना,’’ अण्णा म्हणाले.

पलीकडून दोन सेकंद शांतता. मग साहेबांनी थंडपणे सांगितलं की युरिया बंद, शेण बंद. एकदा प्रत्येक बादलीत भरपूर पाणी ओतून खालच्या भोकांतून वाहू द्या, म्हणजे मातीत साचलेलं जास्तीचं नत्र निघून जाईल. पानांच्या बगलेत फुटलेल्या जास्तीच्या फांद्या हाताने खुडा. आठ दिवस नुसतं पाणी. त्यानंतर ०:०:५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, लिटरला दोन ग्रॅम, दर दहा दिवसांनी.

अण्णांना हे पटेना. उपाशी ठेवून कुणी कधी फळ देतं का? मग मीच म्हटलं, ‘‘अण्णा, खळ जाड झालीये.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले, आणि उठून नळी लावायला गेले.

(ती पाण्याने धुण्याची आयडिया गच्चीवर ओल असताना करू नका, हे सांगायला नको. अण्णांनी एकेक बादली उचलून मोरीजवळ नेली. बासष्टाव्या वर्षी.)

एक वेगळा मुद्दा इथेच सांगते, कारण तो आमच्या गावचा आहे. पोटॅश म्हटल्यावर अण्णा म्हणाले, राख चालेल ना, सायझिंगच्या बॉयलरची पोतंभर आणतो. लाकडाच्या राखेत पालाश असतं हे खरंच आहे, आपल्या आज्या चुलीची राख परसात टाकायच्या त्या काही वेड्या नव्हत्या. पण चुलीत लाकूड आणि गोवऱ्या जळायच्या. बॉयलरमध्ये काय काय जातं? चिंध्या, पुठ्ठा, प्लास्टिक? ज्या राखेचं खानदान माहीत नाही ती खायच्या झाडाला घालायची नाही. माहितीतली राख असली तरी महिन्यातून चमचाभर बस, कारण ती मातीचा आम्लपणा मारते आणि टोमॅटोला किंचित आम्ल माती आवडते. भिवंडीच्या आसपास बोअरवेलचं पाणी वापरत असाल तर क्षार आधीच भरपूर येतात, तेव्हा जपूनच. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरली की समजायचं, मिठाचं प्रमाण वाढलंय.

आता ज्यांना पहिल्यापासून सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी. कोकणपट्टीत टोमॅटोचा सीझन हिवाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरात बी, महिन्याभरात रोप कुंडीत. माती अर्धी, बाकी अर्ध्यात पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट, शिवाय मूठभर निंबोळी पेंड. एवढी शिदोरी पहिल्या तीन-चार आठवड्यांना पुरते. तोवर दुसरं काहीही नाही, कितीही हात शिवशिवले तरी. पहिली फुलं दिसली की सुफला अर्धा चहाचा चमचा, पंधरा दिवसांनी एकदा, खोडापासून लांब, कुंडीच्या कडेने, आणि लगेच पाणी. फळ सुपारीएवढं झालं की वर सांगितलेलं पोटॅश. रासायनिक नको असेल तर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत आणि सुरुवातीला मातीत बोनमील. फरक वेगाचा आहे. गांडूळखत मुंगीच्या पावलाने काम करतं, पण त्यात चुकायचा स्कोप कमी.

आणि हो, एप्रिल-मे महिन्यात फुलं गळायला लागली तर खताला दोष देऊ नका. पारा पस्तिशीच्या वर गेला की टोमॅटोच्या फुलातले पराग नीट काम करत नाहीत. फुलं सरळ गळून पडतात. त्यावर जगातलं कुठलंही खत चालत नाही. हिवाळ्यातही मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या झुपक्याला बोटाने टिचकी मारायची. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, फक्त ते हलावं लागतं. अण्णांचं यावरचं म्हणणं असं, की खाली गाळ्यात लूम खडखडत होते तेव्हा सगळी बिल्डिंगच हलायची, टिचक्या मारायची गरजच नव्हती!

आता आत्यांचे फॉर्म्युले. चहाचा चोथा चांगला, पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला. तो धुतल्याशिवाय टाकलात तर मुंग्यांची पार्टी आणि वर पांढरी बुरशी. केळ्याच्या साली पाण्यात भिजवून ते पाणी घालण्याची सध्या फार फॅशन आहे. सालीत पालाश असतं, पण रात्रभरात त्यातलं थोडंसंच पाण्यात उतरतं. साली चिरून कंपोस्टमध्ये टाका, जास्त कामाला येतील. अंड्याची टरफलं? इथे थोडं थांबायला हवं.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो, पाहिलाय? लोक त्याला रोग समजून औषध मारतात. तो रोग नाही, फळाला कॅल्शियम कमी पडल्याची खूण आहे. म्हणून टरफलं. पण टरफलं मातीत विरघळायला महिनोन्‌महिने घेतात, मिक्सरवर पूड केली तरी. आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचत नाही. का पोचत नाही? कारण आपण सोमवार ते शुक्रवार कुंडीकडे बघत नाही आणि शनिवारी बादलीभर पाणी ओततो. कल्याणला लोकल गाठायला सकाळी सातला शेअर रिक्षात बसणाऱ्याला रोज पाणी घालणं सोपं नाही, मान्य. तरी उपाय तोच आहे. रोज थोडं पाणी आणि मातीवर पालापाचोळ्याचा थर. शिवाय नत्राचा मारा जास्त असेल तर हा डाग आणखी वाढतो. सगळे रस्ते फिरून तिथेच येतात.

ज्यांना हे सगळं गच्चीवर मोठ्या प्रमाणावर करायचंय, त्यांनी आपल्याच राज्यात कोणी काय केलंय ते जरूर वाचावं. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे शिक्षक. (होय, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले भाऊ.) दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाचं भागू शकतं, हे ते हिशेबाने मांडायचे. पानावर पडणारं ऊन हेच खरं भांडवल आणि घरातला ओला कचरा हीच माती, असा साधारण त्यांचा विचार. प्रयोग परिवार नावाने त्यांनी शेतकऱ्यांचं जाळं उभं केलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाचं चिपाड भरून गच्चीवर भाज्या पिकवून दाखवल्या. त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (आताचं पोर्ट ऑथॉरिटी) कॅन्टीनच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास बाग सुरू केली. कॅन्टीनचा ओला कचरा खाली न नेता वरच जिरवायचा आणि त्यावर झाडं लावायची. ऑफिसच्या गच्चीवर! तुमच्या ॲडमिनला एकदा विचारून बघा.

सुभाष पाळेकरांचं जीवामृतही अनेक जण कुंड्यांना घालतात. मूळ कृती एकराची आहे, २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, वर मूठभर माती. बाल्कनीसाठी सगळ्याला वीसने भागा. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून रोज ढवळायचं आणि दहापट पाण्यात पातळ करून द्यायचं. त्याने मातीतले जिवाणू वाढतात, पोटभर जेवण होत नाही, असं माझं मत. शिवाय फ्लॅटमध्ये त्याचा वास! शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तरच.

तर जानेवारीच्या शेवटच्या रविवारी अण्णांच्या सोसायटीची मीटिंग झाली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फुलं आली होती, मीटिंगपर्यंत झुपक्या-झुपक्याने हिरवी फळं धरली होती, लिंबापेक्षा लहान. ओल आलेल्या फ्लॅटचे मालक तावातावाने बोलले आणि मग कुणी तरी म्हणालं, चला, वर जाऊन बघू तरी. सगळी मीटिंग गच्चीवर. पाच-दहा मिनिटं नुसती मोजणीच चालली होती. कमिटीच्या सेक्रेटरीबाई पानं बाजूला सारून म्हणाल्या, ‘‘हे तर खरेच लागलेत.’’

निर्णय काही सिनेमातल्यासारखा झाला नाही. पाण्याच्या टाकीजवळ, जिथे खाली बीम आहे, तिथे दहा बादल्या ठेवायच्या, त्याही लोखंडी स्टँडवर, खाली ताटल्या ठेवून. बाकी बारा हलवायच्या. स्टँडचा खर्च अण्णांचा. वॉटरप्रूफिंगचं काम उन्हाळ्यात निघेल तेव्हा सगळंच उचलावं लागेल. अण्णा काही बोलले नाहीत. त्या बारा बादल्या त्यांनी बिल्डिंगमध्ये वाटल्या, ज्याच्या बाल्कनीत ऊन येतं त्याला. ओलीच्या फ्लॅटवाल्यांनी आधी नको म्हटलं, मग त्यांच्या मुलीने एक उचलली. प्रत्येक बादलीबरोबर अण्णांनी तोंडी नियम दिले. युरिया नाही, चहा धुऊन, पाणी रोज, पोटॅश मी देईन.

फेब्रुवारीच्या शेवटी फळं लाल झाली. किती किलो निघाले ते त्यांनी वहीत लिहिलंय, सायझिंगमध्ये बीमचा हिशेब लिहायचे तसं. मला आकडा सांगितला नाही, म्हणे नजर लागते. मला मिळाले सहा. दोन कच्चेच मीठ लावून खाल्ले, चारचं सार झालं.

झाडं उपटल्यावर त्या मातीत परत टोमॅटो, वांगं किंवा मिरची लावायची नाही. तिघं एकाच घराण्यातली, रोगही सामायिक. उरलेल्या मातीत थोडं कंपोस्ट मिसळून चवळी, मेथी किंवा एखादी पालेभाजी घ्यायची. पालेभाजीला नत्र चालतं, उलट तेच हवं असतं. अण्णांनी टाकीजवळच्या दहा बादल्यांत अंबाडी पेरलीय. ते तिला गोंगुरा म्हणतात, आणि तिच्या चटणीसाठी आत्तापासून बिल्डिंगमध्ये नंबर लागलेत. उरलेला युरिया कुठे गेला विचारलं, तर म्हणाले, तिलाच देतोय. पाव चमचा. पाण्यात.